रूळ आखले कोणासाठी?

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ही व्याख्यानमाला भूगोल शिकवणाऱ्या एका शिक्षकांच्या स्मरणार्थ भरते, म्हणून आज मी तुमच्यापुढे एक नकाशा मांडणार आहे. तो आहे मुंबईच्या लोकलगाड्यांचा, आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. आपण रोज त्यावरून ये-जा करतो. कुठल्या डब्यात चढलं की उतरल्यावर जिना समोर येतो, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते, कुठली फास्ट घाटकोपरला थांबते, हे सगळं आपल्याला पाठ असतं. पण दोन मुख्य मार्ग दादरलाच का भेटतात? हार्बरची गाडी दादरला का जात नाही? बदलापूरच्या पुढे गाड्या इतक्या विरळ का? अंधेरीहून घाटकोपरला रुळावरून जायला 2014 साल का उजाडावं लागलं? असं कोणी विचारलं की आपण थबकतो.

मला आज एवढंच सांगायचं आहे की रेल्वेचा प्रत्येक मार्ग हे कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतं. मुंबईत तो प्रश्न बहुतेक वेळा प्रवाशाने विचारलेलाच नव्हता. तो कोणी विचारला हे कळलं, की नकाशा उलगडतो. आणि पुढचा मार्ग आखला जात असताना आपण काय विचारायला हवं, हेही कळतं.

सुरुवात जमिनीपासून करू. मुंबई दक्षिणेकडे निमुळती होत गेलेली आहे. पश्चिमेला उघडा समुद्र, पूर्वेला बंदराचं खोल पाणी. किल्ला, बंदर, पेढ्या, कचेऱ्या सगळं दक्षिण टोकाला एकवटलं आणि वस्तीला वाढायला एकच दिशा उरली, उत्तर. म्हणून इथले रूळ उत्तर-दक्षिण धावतात आणि म्हणूनच सकाळी एका दिशेच्या गाड्या तुडुंब आणि उलट दिशेच्या त्या मानाने मोकळ्या असतात. पण जमीन फक्त दिशा ठरवते. रूळ नेमके कुठून न्यायचे हे माणसं ठरवतात.

पहिला प्रश्न कापसाने विचारला. लँकशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर अवलंबून होत्या आणि त्यांना दुसरा आधार हवा होता. वऱ्हाड-खानदेशचा कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरून मुंबईला यायचा. वाटेत तो मळायचा, भिजायचा, वेळेवर पोचायचा नाही. मुंबईतल्या व्यापाऱ्यांनाही रेल्वे हवी होती. तिच्या पुरस्कारासाठी 1845 साली पुढे आलेल्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई होते. 1849 साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचा कायदा झाला. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून 14 डबे आणि सुमारे 400 पाहुणे घेऊन पहिली गाडी ठाण्याकडे निघाली. अंतर 34 किलोमीटर. हा दिवस आपण अभिमानाने साजरा करतो आणि करायलाच हवा. पण ठाणं हे त्या मार्गाचं गंतव्य नव्हतं, पहिला मुक्काम होता. कंपनीची नजर सह्याद्रीच्या पलीकडे होती.

1854 साली रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोचले आणि तिथे त्यांना दोन फाटे फुटले. एक बोरघाट चढून पुण्याकडे, दुसरा थळघाट चढून नाशिककडे. बोरघाट 1863 मध्ये आणि थळघाट 1865 मध्ये खुला झाला. त्या बांधकामात हजारो मजुरांचे जीव गेले. ज्या घाटातून आज आपण धबधबे पाहत जातो, तो त्यांच्या मरणावर उभा आहे, हे विसरू नये. पुढे एक शाखा 1870 मध्ये जबलपूरला जाऊन कलकत्त्याच्या रेल्वेला मिळाली आणि दुसरी 1871 मध्ये रायचूरला जाऊन मद्रासच्या रेल्वेला मिळाली. कंपनीच्या लेखी पहिली ईशान्येची शाखा आणि दुसरी आग्नेयेची. याची खूण आजही शिल्लक आहे. मध्य रेल्वेच्या इंडिकेटरवर कसाऱ्याच्या गाडीला ‘एन’ आणि कर्जतच्या गाडीला ‘एस’ ही अक्षरं का, असं अनेकांना वाटतं. ती त्या दोन दिशांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं आहेत. कसाऱ्याच्या वाटेवरच्या आसनगावला घरी निघालेला नोकरदार आजही कलकत्त्याला जोडण्यासाठी आखलेल्या शाखेवरून जातो.

दुसरा प्रश्नही कापसाचाच, पण गुजरातच्या. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ही वेगळी कंपनी 1855 साली स्थापन झाली. तिने आधी गुजरातेत रूळ टाकले आणि मग ते दक्षिणेकडे आणले. 1864 च्या नोव्हेंबरमध्ये ते ग्रँट रोडला पोचले. पहिली कंपनी बेटाच्या पूर्व बाजूने भायखळा, शीव, कुर्ला, भांडुप अशी गेली, दुसरी पश्चिम बाजूने माहीम, वांद्रे, अंधेरी अशी आली. दोघींची मालकी वेगळी, हिशेब वेगळे, शेवटची स्थानकं वेगळी. एकीचं बोरीबंदर, जिथे पुढे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने व्हिक्टोरिया टर्मिनसची, म्हणजे व्हीटीची, इमारत उभी केली. दुसरीचं आधी बॅकबे, मग कुलाबा आणि 1930 अखेर कुलाबा बंद झाल्यावर चर्चगेट. दोन्ही स्थानकं एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर, पण प्रवाशासाठी त्यांच्यामध्ये रूळ नव्हता. कापसाच्या गाठींना एका स्थानकातून दुसऱ्यात जायचं कारण नव्हतं, म्हणून माणसांनाही ती सोय मिळाली नाही.

आता दादरचं कोडं सुटतं. बेट मध्ये अरुंद होतं तिथे हे दोन्ही मार्ग शेजारी येतात. परळपासून माटुंग्यापर्यंत ते जवळजवळ समांतर धावतात आणि मग एक शीवकडे, दुसरा माहीमकडे वळतो. एवढ्याच पट्ट्यात बदलणं शक्य होतं आणि त्याचा भार दादरवर पडला. दादर हे एक स्थानक म्हणून बांधलेलंच नाही. ती दोन कंपन्यांची दोन स्थानकं आहेत, पुलांनी बांधून घेतलेली. 1951 साली मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे असे दोन विभाग झाले तेव्हा कंपन्या गेल्या, पण विभागणी राहिली. दोन्हीकडे फलाट क्रमांक एक होता. नवख्या माणसाला ‘एक नंबरला ये’ असं सांगितलं, की तो हमखास चुकीच्या एक नंबरवर उभा राहायचा. 2023 च्या डिसेंबरमध्ये हे बदललं. पश्चिमेचे फलाट 1 ते 7 राहिले आणि मध्य रेल्वेचे 8 ते 14 झाले. दोन कंपन्यांच्या स्थानकांना एका शहराचं स्थानक म्हणून मोजायला इतकी वर्षं लागली.

परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही अशीच जोडी. एक मध्य मार्गावर, दुसरं पश्चिमेवर, मध्ये पूल. भोवती गिरणगाव. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनीवर काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. पाळीपाळीने येणारा कामगार गेला आणि एकाच वेळी येणारा, एकाच वेळी सुटणारा कचेरीचा लोंढा आला. शहर बदललं, पूल तेवढाच राहिला. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी पाऊस पडत होता, पुलावर गर्दी कोंडली आणि चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन रोड स्थानकाचं नाव प्रभादेवी झालं. ही दुर्घटना पावसाच्या माथी मारून मोकळं होता येणार नाही. दोन मार्गांमधला सांधा हा मार्गाइतकाच महत्त्वाचा असतो, हे आपण वेळेत ओळखलं नाही.

मालासाठी टाकलेल्या या रुळांवर माणसं आली कधी? 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. पण लोकलला आजचं रूप दिलं ते विजेने. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटीहून कुर्ल्याला हार्बर मार्गाने विजेवरची गाडी धावली. देशातली ती पहिली. 1928 मध्ये पश्चिमेवर बोरिवलीपर्यंत वीज आली. यामागचं तंत्र समजून घेण्यासारखं आहे. वाफेची गाडी शेवटच्या स्थानकात पोचली, की इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला आणून लावावं लागे. तेवढा वेळ फलाट अडकायचा. विजेच्या लोकलला वेगळं इंजिन नसतं. मोटारी गाडीतल्या ठरावीक डब्यांखाली असतात आणि मोटरमनची केबिन दोन्ही टोकांना. त्यामुळे गाडी आली तशी परत निघते. शिवाय ती झटकन वेग घेते, जवळजवळच्या स्थानकांवर थांबूनही फार वेळ वाया जात नाही. गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांनी एक गाडी सोडता येते ती यामुळे. सुरुवातीचा 1,500 व्होल्टचा एकदिश प्रवाह जाऊन 2016 पर्यंत सर्व उपनगरी मार्ग 25,000 व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर आले. गाड्या 9 डब्यांवरून 12 आणि काही 15 डब्यांच्या झाल्या. डबे वाढवता आले, पण रूळ वाढवणं कठीण राहिलं, कारण रुळांच्या दोन्ही बाजूंना शहर उभं राहून गेलं होतं.

रुळांची संख्या ही नकाशावाचनातली आणखी एक किल्ली. मुख्य मार्गावर चार रूळ आहेत, दोन स्लोचे, दोन फास्टचे. स्लो प्रत्येक स्थानकावर थांबते. फास्टची स्थानकं मोजकी, पश्चिमेवर मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली आणि मध्य मार्गावर भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली, कल्याण. फास्ट थांबते तिथे शहर फुगतं. गिरगाव-दादरच्या चाळींत जागा पुरेना झाली तेव्हा मराठी मध्यमवर्ग डोंबिवलीला गेला, तो स्वस्त जागा आणि फास्ट गाडी या दोन गोष्टींच्या भरवशावर. कल्याणच्या पुढे मात्र कर्जत आणि कसारा या दोन्ही शाखांवर मूळचे दोनच रूळ. त्याच दोन रुळांवरून लोकल, पुण्या-नाशिकच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या. म्हणून अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा कितीही वाढले तरी गाड्या त्या प्रमाणात वाढत नाहीत. एखादी एक्स्प्रेस रखडली, की मागची लोकल उभी राहते. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेची कामं हाती घेतली आहेत. ती पूर्ण होणं म्हणजे तिथल्या माणसाला रोजचा वेळ परत मिळणं. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2022 मध्ये सुरू झाली तेव्हा मेलगाड्यांना लोकलच्या रुळांवरून बाजूला काढता आलं. बातमीत ही कामं कोरडी वाटतात. प्रत्यक्षात ती माणसांच्या आयुष्यातला वेळ ठरवतात.

तिसरा प्रश्न बंदराने विचारला. 1910 साली कुर्ला ते रे रोड असा हार्बर मार्ग निघाला आणि 1925 मध्ये तो उंचावरून व्हीटीला जोडला गेला. सँडहर्स्ट रोडला खाली मुख्य मार्ग आणि वर हार्बर असं दुमजली स्थानक आहे, ते या कारणाने. डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी ही नावं वाचली तरी मार्ग कोणासाठी होता ते कळतं: गोद्या, वखारी, कापसाचा बाजार. दादर या वाटेवर पडतच नाही. वडाळ्याला हार्बरचे दोन फाटे होतात. एक किंग्ज सर्कल, माहीमवरून वांद्रे, अंधेरी, गोरेगावकडे आणि दुसरा कुर्ला, चेंबूर, मानखुर्दकडे. वडाळ्याला फलाटावर उभं राहून ‘ही पनवेल की गोरेगाव?’ असं विचारणारा प्रत्येक जण त्या फाट्याशीच झुंजत असतो.

चौथा प्रश्न मात्र निराळा होता आणि तो शहराचा विचार करणाऱ्यांनी विचारला. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये मांडलं, की मुंबईने उत्तरेलाच का ताणत जावं, खाडीपलीकडे पूर्वेला नवं शहर का वसवू नये? 1970 मध्ये त्यासाठी सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि नवी मुंबई आकाराला आली. 9 मे 1992 रोजी लोकल खाडी ओलांडून वाशीला पोचली, 1998 मध्ये पनवेलपर्यंत गेली. सिडकोने या मार्गाच्या खर्चाचा वाटा उचलला. तिथली स्थानकं पाहा: रुंद फलाट, मोठी मोकळी जागा, वाशी-बेलापूरला स्थानकावरच कचेऱ्या. आधी शहराचा विचार आणि त्याबरोबर रुळांचा, असं झालं की काय फरक पडतो ते तिथे दिसतं. 2004 मध्ये ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर सुरू झाली आणि ठाण्याच्या माणसाला वाशीला जाण्यासाठी कुर्ल्याचा वळसा घालायची गरज उरली नाही. ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या कारखान्यांत आणि कंपन्यांत जाणाऱ्यांचं आयुष्य त्या एका मार्गाने बदललं. 2024 च्या जानेवारीत लोकल उरणपर्यंत गेली.

पाचवा प्रश्न सर्वांत उशिरा विचारला गेला आणि तो खऱ्या अर्थाने प्रवाशाचा आहे. पूर्व-पश्चिम कसं जायचं? उत्तर-दक्षिण रुळांनी उपनगरांचे उभे तुकडे केले होते. घाटकोपरहून अंधेरीला जायचं तर दादरला उतरून उलटं यायचं किंवा बसमध्ये तास घालवायचा. 8 जून 2014 रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. 11.4 किलोमीटर, 12 स्थानकं आणि प्रवास विसेक मिनिटांचा. मग 2022-23 मध्ये दहिसरहून अंधेरीकडे येणाऱ्या दोन मार्गिका आल्या. आणि 2024 ते 2025 मध्ये टप्प्याटप्प्याने आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो 3 पूर्ण झाली. 33.5 किलोमीटर, 27 स्थानकं. गिरगाव, काळबादेवी, वरळी, सिद्धिविनायक, विमानतळ हे जुन्या मार्गांपासून बाजूला राहिलेले भाग तिने पदरात घेतले. माझ्या मते तिचं सर्वांत मोठं काम दुसरंच आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे पूर्वीचं व्हीटी, आणि चर्चगेट ही दोन स्थानकं तिच्यामुळे प्रथमच प्रवासी रुळाने जोडली गेली. दोन कापूस-कंपन्यांनी दीड शतकापूर्वी जे अंतर सोडलं होतं, ते आपल्या पिढीने भरून काढलं.

इथे एक प्रश्न येईल. मार्ग इतके वाढले तर सामान्य माणसाने ते समजून घ्यायचे कसे? लंडनमध्ये हॅरी बेक या ड्राफ्ट्समनने 1933 मध्ये भुयारी रेल्वेचा असा नकाशा दिला, की त्यात खरी अंतरं आणि वळणं टाकून दिली आणि फक्त स्थानकांचा क्रम आणि सांधे ठेवले. जगभरचे मेट्रो-नकाशे त्याच वाटेने गेले. तो नकाशा फार उपयोगी आहे, पण मुंबईत तो अपुरा पडतो. कागदावर दोन रेघा एका ठिपक्यात मिळतात. प्रत्यक्षात त्या ठिपक्यात जिना असतो, पूल असतो, रांग असते, हातात मूल असतं, गुडघे दुखत असतात. आपल्याकडे सांध्याचा नकाशा वेगळा शिकावा लागतो.

तो ज्यांनी उत्तम शिकला, त्यांना मी आज मानाने आठवतो. मावळ, खेड, जुन्नरच्या गावांतून आलेल्या डबेवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या रुळांवर आपलं काम उभं केलं. डबा कुठल्या स्थानकावरून निघाला, कुठे उतरायचा, कुठल्या इमारतीत कुठल्या मजल्यावर जायचा, हे सगळं झाकणावरच्या रंगांत आणि अक्षरांत. कुठे उतरवायचं, कुठे वर्गवारी करायची, कुठली गाडी पकडायची, हे ते फलाटावरच ठरवतात. पहाटे कसाऱ्याहून भाजीच्या पाट्या घेऊन लगेजच्या डब्यात बसणाऱ्या बायका, 1992 मध्ये चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा निवांत उभं राहायला मिळालेल्या नोकरदार स्त्रिया, डब्यात टाळ वाजवणारी भजनी मंडळं, या सगळ्यांनी कापसासाठी आखलेले रूळ माणसांचे करून घेतले. मुंबईची लोकल खऱ्या अर्थाने त्यांनी घडवली.

पण त्यांनी किती सोसायचं यालाही मर्यादा आहे. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसं उभी असतात. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतले काही गेले. त्यानंतर बंद होणाऱ्या दारांच्या गाड्यांची घोषणा झाली. दारं बंद व्हायलाच हवीत. पण आतली हवा, गाड्यांची संख्या आणि थांब्याचा वेळ यांचा हिशेब त्याबरोबरच जुळवावा लागेल, नाहीतर आत न मावलेला माणूस फलाटावर राहील आणि त्याचा दिवस बुडेल. माणूस दारात का लटकतो, याचं उत्तर नकाशात आहे: घर एका टोकाला, काम दुसऱ्या टोकाला आणि मध्ये मोजकेच रूळ.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नवा मार्ग जाहीर होईल तेव्हा आपण तीन प्रश्न विचारावेत. तो कोणाच्या रोजच्या ये-जाची गरज भागवतो? जुन्या मार्गांना तो कुठे भेटतो आणि तिथे माणसाला किती चालावं, किती चढावं लागतं? आणि लोकल, मेट्रो, बस यांचं तिकीट एक आहे का? शाळांनी नद्या आणि घाटांबरोबर आपल्या शहराचे रूळही शिकवावेत. कुठला मार्ग कधी आला आणि का आला, हे दहावीच्या मुलाला सांगता यावं. कारण हे ज्याला कळतं तो गर्दीचा दोष शेजारच्या प्रवाशाला देत नाही, परगावच्या माणसाला देत नाही. तो आराखडा मागतो.

1853 चा मार्ग आखला गेला तेव्हा भांडुपच्या शेतकऱ्याला किंवा कुर्ल्याच्या विणकराला कोणी विचारलं नव्हतं. आज विकास आराखडे प्रसिद्ध होतात, त्यांवर हरकती आणि सूचना मागवल्या जातात आणि मुदत संपेपर्यंत आपल्यातले बहुतेक जण ते उघडूनही पाहत नाहीत. पुढच्या वेळी ते उघडा. आपल्या स्थानकाचं पान काढा, पूल कुठे आहे ते पाहा, किती रूळ आहेत ते मोजा आणि जे कमी आहे ते लिहून द्या. मुंबईचे पुढचे रूळ कोणासाठी आखायचे, हे ठरवण्याचा हक्क आता आपल्याकडे आहे. तो आपण वापरू या.